पाच पेशींचा रिपोर्ट

पाचव्या दिवशी भ्रूणात साधारण शंभर-दीडशे पेशी असतात. मायक्रोस्कोपखाली आत पाण्याने भरलेली पोकळी दिसते, तिच्या एका कडेला पेशींचा घट्ट गोळा आणि बाहेरून पातळ आवरण. गोळ्यापासून पुढे बाळ होतं, आवरणापासून वार. बायोप्सी करताना मी त्या आवरणातल्या पाच-सहा पेशी काचेच्या अतिबारीक नळीत ओढून घेते आणि लेसरने त्या सोडवते. मग भ्रूण उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये जातो आणि पेशी इवल्याशा ट्यूबमध्ये बंद होऊन कुरिअरने जनुकीय लॅबकडे जातात. बाळ ज्या गोळ्यातून होणार, त्याला आम्ही हात लावत नाही. म्हणजे तपासल्या जातात त्या वारेच्या पेशी, आणि त्यांच्यावरून बाळाबद्दल बोललं जातं.

या पाच-सहा पेशींत डीएनए असतो तीस-चाळीस पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातले तीस-चाळीस. एवढ्याशा ऐवजाच्या लॅबमध्ये लाखो नकला काढाव्या लागतात, तेव्हा कुठे तो वाचता येतो. नकला काढताना काही भाग गळतो, काही चुकीचा उतरतो. पुण्यातल्या एका आयव्हीएफ सेंटरमध्ये मी एम्ब्रिऑलॉजिस्ट म्हणून काम करते, आणि माझ्यासमोर बसलेल्या जोडप्याला मी हे सगळ्यात आधी सांगते. रिपोर्टचा कागद गुळगुळीत असतो, त्यावरचे आकडे ठाम दिसतात. ते ज्या पेशींतून आले त्या किती थोड्या होत्या, हे कागदावरून कळत नाही.

तरीही हे तंत्र मला मोलाचं वाटतं. का, ते पिंपरीच्या एका सिंधी जोडप्यावरून सांगते. त्यांच्या थोरल्या मुलाला थॅलेसिमिया मेजर आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं, साठलेलं लोह काढायला रोज औषध, आणि बाकी सगळं आयुष्य त्या तारखांच्या मधे बसवायचं. आई-वडील दोघंही वाहक, त्यांना स्वतःला काहीच त्रास नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. भारतात दरवर्षी दहा-बारा हजार बाळं हा आजार घेऊन जन्मतात, आणि सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत वाहकांचं प्रमाण बरंच जास्त आहे. दुसऱ्या वेळी बाईंना दिवस गेले तेव्हा अकराव्या आठवड्यात वारेची तपासणी झाली, गर्भाला तोच आजार निघाला आणि त्यांनी गर्भपात करून घेतला. तिसऱ्यांदा त्या यातनेतून जायची त्यांची तयारी नव्हती.

त्यांच्यासाठी लॅबने आधी आई, वडील आणि थोरल्या मुलाच्या रक्तावरून त्या कुटुंबातला नेमका दोष कुठे आहे ते शोधलं आणि तेवढ्याचसाठी चाचणी बेतली. भ्रूणाला विचारायचा प्रश्न एकच होता: हा दोष दोन्ही बाजूंनी आलाय का? प्रश्न नेमका होता म्हणून उत्तरही नेमकं आलं. चार भ्रूणांपैकी एकाला आजार होता, दोन वाहक, एकाचं वाचन लागलंच नाही. वाहकांपैकी एक आम्ही ट्रान्सफर केला. त्यांना मुलगी झाली.

ट्रान्सफरच्या आदल्या दिवशी बाईंनी मला विचारलं होतं, “ताई, थोरल्याला मोठेपणी कळेल ना, की त्याच्यासारखा जो होता तो आपण ठेवला नाही? त्याला काय वाटेल?” त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आजार नको म्हणणं म्हणजे आजारी माणूस नको म्हणणं नव्हे, असं मी म्हणाले. पण त्या आईला दोन्ही गोष्टी एकाच वेळी जाणवत होत्या, आणि तिचं जाणवणं खरं होतं. एका जनुकाच्या, जीवघेण्या, माहीत असलेल्या आजाराबाबतही हा प्रश्न इतका टोचतो. या क्षेत्रात जे काही पुढे विकलं जातंय, त्याकडे मी या बाईंच्या प्रश्नावरून बघते.

ही चाचणी सुरू कशी झाली तेही सांगायला हवं. १९९० मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये अॅलन हँडीसाइड आणि रॉबर्ट विन्स्टन यांच्या गटाने तिसऱ्या दिवशीच्या भ्रूणातली एक पेशी काढून तपासली. त्या कुटुंबांत मुलग्यांनाच गाठणारे गंभीर आनुवंशिक आजार होते, म्हणून त्यांनी लिंग पाहिलं आणि मुलींचे भ्रूण निवडले. जगातली पहिली भ्रूणतपासणी लिंगनिदानाचीच होती.

धंदा वाढला तो मात्र दुसऱ्या चाचणीवर. तिला आमच्याकडे पीजीटी-ए म्हणतात. कुटुंबात कोणताही आजार नसला तरी भ्रूणातली गुणसूत्रं मोजायची, संख्या कमी-जास्त असेल तर तो भ्रूण वापरायचा नाही. कल्पना बिनतोड वाटते. वयाबरोबर बीजात चुका वाढतात: पस्तिशीत साधारण एक-तृतीयांश भ्रूण सदोष निघतात, बेचाळिशीत तीन-चतुर्थांश. मग सदोष बाजूला केले की गर्भधारणा वाढायला हवी. चीनमधल्या मोठ्या अभ्यासात, जो २०२१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, सदतिशीपर्यंतच्या आणि किमान तीन चांगले भ्रूण असलेल्या १,२१२ स्त्रियांचे दोन गट केले होते. तपासणी केलेल्या गटात अखेर मूल झालं ७७.२ टक्के स्त्रियांना, न केलेल्या गटात ८१.८ टक्के. तपासणीने मुलं वाढली नाहीत. वयाने मोठ्या स्त्रियांना, वारंवार गर्भपात होणाऱ्यांना काही फायदा असू शकतो, गर्भपाताचं एखादं दुःख टळू शकतं, हे मी मान्य करते. पण तिशीतल्या निरोगी बाईला ही चाचणी सरसकट घ्यायला लावणं मला पटत नाही.

त्यातून आवरणाच्या काही पेशी सदोष आणि काही नीट, असे मिश्र भ्रूणही असतात. २०१५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी असे मिश्र भ्रूण १८ स्त्रियांच्या गर्भाशयात सोडले, त्यांतून सहा निरोगी बाळं जन्मली. त्याआधी अशा भ्रूणांची रवानगी सरळ टाकाऊत होत असे. किती गेले असतील, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. चाळिशी ओलांडलेली बाई, तीन वेळा इंजेक्शनं घेऊन एकुलता एक भ्रूण हाती आलेला, आणि रिपोर्टवर 'अॅबनॉर्मल' असा शेरा. तिला तो शेरा म्हणजे निकाल वाटतो. २०२४ मध्ये अमेरिकेत अनेक रुग्णांनी काही चाचणी कंपन्यांवर दावे लावले, या चाचणीच्या अचूकतेबद्दल आपली दिशाभूल झाली असं त्यांचं म्हणणं आहे. आपल्याकडे चाचणीचे पैसे भ्रूणामागे मोजले जातात, एकेकाला वीस-तीस हजारांच्या घरात. ज्याच्या सल्ल्यावरून चाचणी होते, त्याच्या बिलातही ती दिसते. याबद्दल आमच्या व्यवसायात उघडपणे बोललं जायला हवं.

तिसरी चाचणी मला फोनवर कळली. माझी भाची न्यू जर्सीत एडिसनला असते. तिची आयव्हीएफ ट्रीटमेंट चालू होती, पाच भ्रूण गोठवलेले होते. “मावशी, क्लिनिकने एक माहितीपत्रक दिलंय. मधुमेह, हार्ट, कॅन्सर, स्किझोफ्रेनिया, सगळ्यांचे स्कोअर मिळतील म्हणतायत. आपल्याकडे बाबांना आणि काकांना दोघांनाही डायबेटिस. करू का?” तिच्या आवाजात हौस नव्हती, भीती होती. परवडत असताना चाचणी केली नाही आणि उद्या मुलाला काही झालं तर, ही भीती. या चाचणीचं खरं गिऱ्हाईक ती भीती आहे.

या क्षेत्रातली सुरुवातीची कंपनी, जीनॉमिक प्रेडिक्शन, न्यू जर्सीतलीच. २०१७ मध्ये स्थापन झालेली, भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन शू तिच्या संस्थापकांपैकी. पुढे नूर सिद्दिकी यांची ऑर्किड आली. तिने २०२३ च्या अखेरीस भ्रूणाचा जवळजवळ संपूर्ण जीनोम वाचून देण्याची चाचणी बाजारात आणली, भ्रूणामागे २,५०० डॉलर. सिद्दिकी यांच्या आईची दृष्टी आनुवंशिक आजाराने गेली, आणि या कामामागे ते कारण असल्याचं त्या सांगतात. त्या दुःखाबद्दल मला शंका नाही. पण २०२५ मध्ये न्यूक्लियस जीनॉमिक्सने न्यूयॉर्कच्या सबवेत 'हॅव युअर बेस्ट बेबी' अशा जाहिराती लावल्या, उंची आणि बुद्ध्यंक किती टक्के आनुवंशिक असतो ते आकडे मोठ्या अक्षरांत लिहिले. त्याच वर्षी पुढे आलेली हेरासाइट बुद्ध्यंकाचा अंदाजही देते. या कंपन्यांमागे सिलिकॉन व्हॅलीतल्या बड्या गुंतवणूकदारांचा पैसा आहे. आजाराच्या दारातून आत आलेली गोष्ट काही वर्षांत उंची आणि बुद्धीपर्यंत पोहोचली.

हे स्कोअर बनतात कसे? मधुमेह किंवा उंची एका जनुकावर ठरत नाही. हजारो ठिकाणचे छोटे-छोटे फरक एकत्र येतात, प्रत्येकाचा वाटा नगण्य. लाखो मोठ्या माणसांचा डीएनए आणि त्यांचे आजार ताडून पाहून प्रत्येक फरकाला वजन देतात, आणि ती वजनं भ्रूणाच्या डीएनएला लावून बेरीज करतात. बेरीज अचूक असली तरी तिच्यातून आयुष्य कळत नाही. भ्रूणाला काय होणार ते तिच्यात नसतं, त्याच्यासारखे फरक असलेल्या माणसांत सरासरी काय झालं तेवढंच असतं.

२०१९ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या शाय कार्मी यांच्या गटाने याचा हिशोब मांडला. स्कोअरवरून सर्वात वरचा भ्रूण निवडला तर सरासरी भ्रूणापेक्षा उंचीत सुमारे अडीच सेंटिमीटर आणि बुद्ध्यंकात सुमारे अडीच गुण एवढाच फायदा अपेक्षित होता. त्यांनी २८ मोठी कुटुंबंही तपासली, प्रत्येकी सरासरी दहा भावंडं, सगळी वयात आलेली. त्यांच्या डीएनएवरून उंचीचे स्कोअर काढले आणि प्रत्यक्ष उंची मोजली. ज्याचा स्कोअर सर्वाधिक, तोच घरात सर्वात उंच, असं फक्त सात कुटुंबांत निघालं. पाच कुटुंबांत तो भाऊ किंवा बहीण घरच्या सरासरीपेक्षाही बुटकी होती. उंची तर फूटपट्टीने मोजता येणारी, सर्वाधिक अभ्यासलेली गोष्ट. बुद्धीच्या स्कोअरबद्दल यावरून काय ते समजावं. शिक्षणाचे स्कोअर तर सख्ख्या भावंडांची तुलना केली की जवळजवळ निम्मे दुबळे होतात, कारण त्यात शिकलेल्या आई-बापांच्या घरचं वातावरणही मिसळलेलं असतं. आणि पाच भ्रूण म्हणजे भावंडंच की.

भाचीच्या माहितीपत्रकात 'जोखीम निम्म्याने कमी' असं एका ठिकाणी होतं. स्किझोफ्रेनिया शंभरात साधारण एका माणसाला होतो. पाच भ्रूणांतून सर्वात कमी स्कोअरचा निवडला, आणि सगळं गृहीत धरल्याप्रमाणे घडलं, तर शंभरात एकाऐवजी अर्धा. दोनशे जोडप्यांनी पैसे भरले तर एका घरात आजार टळेल, आणि कोणत्या घरात ते कधीच कळणार नाही. 'निम्मा' हा शब्द खोटा नाही. पण पैसे भरणाऱ्या माणसाच्या मनात त्याचं जे होतं, त्याचा फायदा कंपनीला मिळतो. शिवाय एक स्कोअर वर ओढला की दुसरा सोबत हलतो. शिक्षणासाठी निवड केली तर बायपोलर आजाराची जोखीम किंचित वाढते, असा इशारा न्यू इंग्लंड जर्नलमध्येच २०२१ मध्ये संशोधकांनी दिला.

आणखी एक गोष्ट भाचीला सांगणं भाग होतं. हे अभ्यास ज्यांच्यावर झाले ती माणसं कोण? २०१९ च्या एका मोजणीत अशा संशोधनातले सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, जगाच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण १६ टक्के असताना. ते स्कोअर दक्षिण आशियाई माणसांना लावले तर अचूकता सरासरी एक-तृतीयांशाहून जास्त घटते. कऱ्हाडहून एडिसनला गेलेल्या घराला हा स्कोअर त्याच किमतीत मिळतो.

युरोपातल्या मानवी जनुकशास्त्रज्ञांच्या संस्थेने या चाचणीला अप्रमाणित आणि अनैतिक म्हटलंय. अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल जेनेटिक्सने २०२४ मध्ये ती वैद्यकीय सेवा म्हणून देऊ नये असं सांगितलं. तरी अमेरिकेत ती विकली जाते, कारण लॅबने स्वतः बनवलेल्या अशा चाचण्यांवर तिथल्या अन्न-औषध प्रशासनाचा अंमल जवळजवळ नाही. तो आणणारा नियम मार्च २०२५ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने रद्दच केला.

या सगळ्यात बाईचं शरीर कुठे आहे, हे जाहिरातीत येत नाही. क्रमवारी लावायला भ्रूण भरपूर हवेत. माझ्या टेबलावर दहा बीजं आली तर पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन, फार तर चार भ्रूण टिकतात. दोनांतून निवडायचं काय? म्हणजे पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा भूल, पुन्हा बीज काढणं. अंडाशय प्रमाणाबाहेर सुजून पोटात पाणी झालेल्या, धाप लागलेल्या बायका मी पाहिल्यात. मूल होत नाही म्हणून हे सोसावं लागतं तेव्हा त्याला अर्थ असतो. होऊ शकणाऱ्या मुलाचे अडीच गुण वाढावेत म्हणून एका बाईने ते पुन्हा सोसावं, असं तिला सुचवणारा डॉक्टर मला नको आहे.

महाराष्ट्राला यातलं काहीच नवीन वाटू नये. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, आणि आमच्या व्यवसायाला अभिमान वाटावा अशी ती तारीख आहे. त्याच सुमारास त्याच मुंबईत डॉ. संजीव कुलकर्णी यांनी पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. चाळीसहून अधिक जण गर्भजल तपासून लिंग सांगत होते. गर्भजल परीक्षा आली होती ती गुणसूत्रांचे आजार ओळखायला. आता पाचशे रुपये खर्च करा, पुढचे पाच लाख वाचवा, अशा जाहिराती देशात झळकत होत्या. त्याविरुद्ध मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी मोहीम चालवली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि तो कागदावर राहू नये म्हणून सेहत, मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांना २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. तोवर उशीर झाला होता. राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २०११ मध्ये ८९४. बीडमध्ये ८०७.

प्रत्येक जोडपं आपापल्या घरापुरता निर्णय घेत होतं. आमचा पैसा, आमचं मूल, कोणाचं काय बिघडलं, हेच तेव्हा म्हटलं जायचं आणि हेच आज स्कोअर विकणारे म्हणतात. परदेशी गेल्यावर हा प्रश्न सुटतो असंही नाही. अमेरिकेतले काही क्लिनिक तिथल्या भारतीय वृत्तपत्रांत मुलगा-मुलगी निवडण्याच्या जाहिराती देतात, ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सने २००१ मध्येच दिली होती. तिथे ते आजही कायदेशीर आहे. भाचीच्या फॉर्मवर तसा रकाना होता. तिने तो रिकामा सोडला.

आपल्या लॅबकडून येणाऱ्या रिपोर्टात लिंग झाकलेलं असतं, आणि मला ते योग्य वाटतं. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार भ्रूणाची जनुकीय चाचणी फक्त ज्ञात, आनुवंशिक किंवा जनुकीय आजारांसाठीच करता येते. कायद्याची ही भाषा चांगली आहे. पण तिची दुसरी बाजू आम्ही पुरती केलेली नाही. पिंपरीच्या जोडप्याचा सगळा खर्च पाच लाखांच्या पुढे गेला, आणि त्यासाठी त्यांनी दुकान गहाण टाकलं. नंदुरबार, गडचिरोलीतल्या सिकलसेल वाहक जोडप्यांना ही वाट माहीतही नसते. ज्यांच्यासाठी चाचणी खरोखर बनली आहे, त्यांना ती सरकारी हॉस्पिटलात मिळायला हवी. लग्नाआधी किंवा दिवस राहताच साध्या रक्ततपासणीत वाहक कळतो. ती तपासणी सर्वांची झाली, तर बऱ्याच जणांना माझ्या टेबलापर्यंत यायचीही गरज पडणार नाही.

भाचीने स्कोअरची चाचणी घेतली नाही. घरात मधुमेह आहे, तर मुलाला लहानपणापासून मैदानावर पळू द्यायचं, असं ती नवऱ्याशी बोलून मला म्हणाली.

मला सध्या काळजी वाटते ती वेगळ्याच वाटेची. ब्रिटनमध्ये स्कोअरवरून भ्रूण निवडायला बंदी आहे. तरी काही जोडपी क्लिनिककडून आपल्या भ्रूणांचा कच्चा डेटा मागून घेतात आणि अमेरिकेतल्या कंपनीला पाठवतात, असं गार्डियनने २०२५ च्या अखेरीस उघड केलं. डीएनएची फाइल ईमेलने जाते. तिच्यात स्कोअर असतात, आणि आम्ही झाकून ठेवलेलं लिंगही असतं. अशी फाइल मागणारं एक जोडपं आमच्याकडेही येऊन गेलं, दोघंही आयटीतले, हुशार, नम्र. आमचा डेटा आहे, आमचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. आजारासंबंधी जे आहे ते सगळं मी समजावून सांगेन, फाइल देणार नाही, असं मी म्हणाले. ते नाराज होऊन गेले. त्यांना दुसरीकडे कोणी ती दिलीही असेल. आपल्याकडच्या २०२१ च्या कायद्याने नेमलेल्या राष्ट्रीय मंडळाने या फाइलबद्दल स्पष्ट नियम करावा: ती कोणाला द्यायची, त्यातलं काय काढून द्यायचं, आणि परदेशी स्कोअर घेऊन आलेल्या जोडप्याला क्लिनिकने काय सांगायचं. माझ्यासारख्या एखाद्या बाईच्या नकारावर हे सोडून चालणार नाही.